आठला उघडणारं दार

किलीबेग्जला सकाळ आधी नाकाला कळते.
सहाला कारखाना सुरू. बांगड्याच्या पेट्या, बर्फ,
निळे हातमोजे, पांढरे बूट.
आमचं पाळणाघर आठला.
मधले दोन तास कुणाचे,
हे कुठल्याच कागदावर लिहिलेलं नाही.

ब्रोनाने अर्ज भरला तेव्हा पोर पोटात होतं,
बारा आठवड्यांचं.
स्वतःच्या आईच्या आधी तिने मला सांगितलं.
‘मुलाचं नाव’ या ओळीवर
तिने लिहिलं : अजून ठरायचंय.
इथे असंच. नाव ठेवायच्या आधी
नाव लावावं लागतं.

ओरान तीन वर्षांचा झाला आणि जागा निघाली.
तिने फीचा कागद घडी करून खिशात टाकला,
मग काढून पुन्हा वाचला,
जणू दुसऱ्यांदा वाचल्यावर आकडा लाजेल.
‘म्हणजे बुधवारपर्यंतचे मासे तुमचे,’ ती म्हणाली,
‘गुरुवार-शुक्रवारचे घरमालकाचे.’
मी हसले. मग आठवलं,
मासे भरणाऱ्या हातांना तासाला जे मिळतं
तेवढंही मला मिळत नाही.
मग तिचे पैसे जातात कुठे?
विमा, म्हणतात. भाडं. हीटर.
मी विचारणं सोडून दिलंय.

ते दोन तास पॅकीने घेतले.
शेजारचा. बोटींची इंजिनं दुरुस्त करण्यात जन्म गेलेला,
घरात कधी पाळणा हलला नाही.
साडेसातला दोघं समोरच्या कठड्यावर येऊन बसायचे,
एका थर्मासमधून दोन झाकणं दूध.
मी आत, दिवा लावून खुर्च्या मांडत.
मध्ये एक काच आणि एक नियम :
आठच्या आधी आत आलेलं मूल
विम्याच्या लेखी मूलच नाही.
मी हात हलवायचे. ते हात हलवायचे.
किती सोपं असतं हात हलवणं.

वर्गात ओरान प्लास्टिकची अस्वलं मोजायचा नाही.
खिशातून नट काढायचा.
‘हा दहाचा. हा तेराचा. हा गंजका.’
त्याच्यासाठी तेरा म्हणजे बारानंतर येणारा आकडा नव्हता.
तेरा म्हणजे हा, एवढा, तळहातावर गार लागणारा.
आमच्या तक्त्यात याला रकाना नाही.
मी ‘अंकओळख : चांगली’ असं लिहिलं.

फेब्रुवारीत पॅकीला लेटरकेनीच्या इस्पितळात नेलं.
दुसऱ्या दिवशी मी सातलाच आले,
तर दारासमोर ब्रोनाची गाडी.
इंजिन बंद, काचांवर वाफ.
मागे ओरान झोपलेला, तोंड उघडं.
ती पांढऱ्या बुटांत, हातमोजेसुद्धा घातलेले,
फोन मांडीवर थरथरत होता, ती उचलत नव्हती.
तिने काही मागितलं नाही.
मागितलं असतं
तर मला नाही म्हणावं लागलं असतं.

मी दार उघडलं.
ती त्याला माझ्या खांद्यावर ठेवून पळाली,
कोटाला खारट वास लावून.
वहीत मी आठ लिहिले.
दुसऱ्या दिवशीही.
आता माझ्या वहीत रोज
सात वाजून दहा मिनिटांनी आठ वाजतात.
डर्व्हलाबाईंनी, त्या आमच्या मुख्य, एकदा वही पाहिली,
चष्मा पुसला,
आणि पान उलटलं.

काल ओरानने विचारलं,
‘पॅकीचं दार किती वाजता उघडतं?’
मी म्हटलं, इस्पितळात दोनला सोडतात भेटायला.
त्याने दोन नट काढून खिडकीत ठेवले,
जरा पाहिलं,
आणि त्यातला गंजका बदलला.